लेकीच्या दारात दीड वर्ष

बाबा, वहिनी गेली. परवा तिचं तेरावं उरकलं आणि आज मी चिखलीला परत आले. एसटीत खिडकीपाशी बसले होते. मेहकर सुटल्यावर लक्षात आलं, की तुमची ती वर्षं आठवणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. दादा आधीच गेला, तुमचे जावईही गेले. मला रडू आलं नाही. बऱ्याच वर्षांत येत नाही. घरी आल्यावर हातपाय धुतले, चहा केला आणि कागद घेऊन बसले.

विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर तुमचा पाय घसरला, तेव्हा नवीन मराठी राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी इथल्या शाळेत नुकतीच मास्तरीण म्हणून लागले होते. मेहकरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मणका गेला, कमरेखालचं अंग परत येणार नाही. तुम्ही बाजेवर पडल्या पडल्या दादाला विचारत होतात, वांग्यांना पाणी दिलं का? माय तर माझ्या लग्नाआधीच गेलेली. आपल्याकडे अशा वेळी कुणी कुणाला विचारत नाही. बाप मुलाकडे राहतो आणि मुलाची बायको त्याचं करते. दादानं वहिनीला विचारलं नाही, वहिनीनंही काही म्हटलं नाही. मळ्यातली खुरपणी, तीन लहानगी लेकरं आणि तुम्ही, असं तिनं दोन वर्षं ओढलं.

त्या दिवाळीत मी भाऊबीजेला आले, तेव्हा तुमच्या खोलीत शिरताच वास आला. तुम्हाला कुशीवर वळवलं तर माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम होती. मी वहिनीवर ओरडले. ती चुलीपुढं बसली होती, भाकरी थापायची थांबली नाही. पण संध्याकाळी तुमचं धोतर बदलताना मी तिला पाहिलं. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, म्हणून तिनं पदर दातात धरला होता आणि मान पार भिंतीकडे वळवून ती नुसत्या हातांनी चाचपत सगळं करत होती. दोन वर्षं ती तसंच करत आली होती. तिनं तुमची पाठ कधी पाहिलीच नव्हती, बाबा. आणि पाहायची नाही, हे तिला आपणच शिकवलं होतं.

मी म्हटलं, मी यांना चिखलीला नेते. दादा उसळलाच. "लोकं काय म्हनतीन मले? जितं पोरगं असून बाप लेकीच्या दारात नेऊन टाकला, असंच म्हनतीन ना?" तुम्हीही म्हणालात, "काऊन नेऊन राह्यली मले? पोरगं हाय ना माहं." तेव्हा वहिनी मला परसात घेऊन गेली. म्हणाली, "बाई, ने तू त्याहिले. मी हाव म्हनत नाही अन् नाही बी म्हनत नाही. माह्या हातानं आता उचलनं होत नाही." एवढं बोलून ती बादली घेऊन विहिरीकडे गेली. मग दवाखान्यात दाखवून आणते असं खोटं सांगून मी तुम्हाला आणलं. दादानं आणि कंडक्टरनं तुम्हाला उचलून एसटीच्या मागच्या बाकावर ठेवलं. दादानं वर पाहिलं नाही.

इथं आल्यावर तुम्ही दीड दिवस पाण्याचा थेंब घेतला नाही. लेकीच्या घरचं खायचं नाही, निदान नातू होईपर्यंत नाही. आणि माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. मी तांब्या तोंडाशी नेला, की तुम्ही ओठ मिटून घ्यायचात. शेवटी शेजारच्या काकू आल्या, दारातूनच म्हणाल्या, "बाबाजी, मी काही तुमची लेक नाही. माह्या घरचं खायाले काय हरकत हाय?" तुम्ही म्हणालात, "हाव, तुमच्या घरचं चालते." पहिले पंधरा दिवस खरंच काकूंनी केलं. मग त्यांचे गुडघे धरले, तेव्हा मी आमच्याच चुलीवर वरण-भाकरी करून ताट मागच्या दारानं त्यांच्याकडे द्यायची आणि त्या ते पुढच्या दारानं घेऊन यायच्या. तुम्ही जेवायचात आणि मला म्हणायचात, "तुह्या शेजारनीले सांग, वरनात मीठ टाकत जाय म्हना." मी सांगते म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी मीठ जास्त टाकायची. तुम्हाला ते कळलं होतं का, हे मला माहीत नाही. तुम्ही कधी विचारलं नाही.

खाण्यापेक्षा आंघोळ अवघड गेली. मला एकटीला तुम्हाला उचलणं जमत नव्हतं, आणि लेकीनं बापाचं धोतर सोडायचं नाही. राहिले तुमचे जावई. लग्नात तुम्ही परातीत ज्यांचे पाय धुतले होते, ते कापसाच्या जिनातल्या नोकरीवरून दुपारी घरी येऊन बाही वर सारून उभे. तुम्ही रडलात. मी तुम्हाला रडताना तेव्हाच पाहिलं. "जावयाच्या हातानं आंघोळ! माह्या बापाले वर काय तोंड दाखवू?" हे म्हणाले, "बाबा, तुम्ही तोंड झाका. मी काही पाहत नाही." तुम्ही खरंच पंचा तोंडावर ओढून घेतलात. तेव्हापासून रोज दुपारी असंच चाललं. तुम्ही तोंड झाकून, आणि हे जखमेला कडुलिंबाचं पाणी लावत, बोरिक पावडर टाकत, वर जिनातल्या बाजारभावाच्या गप्पा मारत. फरक एवढाच, की हे पाहत होते. नीट पाहत होते. जिनातला स्वच्छ कापूस आणून यांनी तुमच्यासाठी मऊ गादी भरून घेतली. चार महिन्यांत जखम भरली.

मी शाळेच्या मधल्या सुट्टीत धावत यायची, तुम्हाला या कुशीवरून त्या कुशीवर करायची आणि घंटा व्हायच्या आत परत जायची. असं दीड वर्ष. बाजेजवळ डब्यात तुम्ही मेथी लावून घेतली होती आणि मी पाणी जास्त घातलं की ओरडायचात, "शाळेत पोरं शिकवते, अन् रोप मारते." त्या दिवसांत मला आनंद किंवा दुःख असं वेगळं काही वाटत नव्हतं. अंग दुखायचं. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता शब्द अर्धा राहून जायचा.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडी तुम्हाला ताप आला आणि उतरेना. एका संध्याकाळी तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "मले घरी ने. लेकीच्या दारात मरन नको. पोराच्या हातचं पानी पडू दे तोंडात." मी दुसऱ्याच दिवशी दादाला पत्र टाकलं. जिनात कापूस टाकून मेहकरकडे रिकामा परतणारा एक ट्रक यांनी ठरवला. पोत्यांवर गादी टाकून तुम्हाला निजवलं, हे सोबत बसले. शाळा होती म्हणून मी आले नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं.

नवव्या दिवशी तुम्ही गेलात. तार हातात पडून मी पोचले, तोवर दादा विधी उरकून नदीवरून परत आला होता. लेकीसाठी थांबत नाहीत. वहिनी म्हणाली, शेवटचं पाणी दादाच्याच हातचं मिळालं. गावातल्या बायका मला म्हणाल्या, लेकीनं बापाची इच्छा पुरी केली, पुण्य लागलं. परवा तेराव्याला एका म्हाताऱ्या बाईनं पुन्हा तेच सांगितलं आणि मी मान हलवली. इतकी वर्षं मी हलवत आले आहे.

पण बाबा, ट्रक यायच्या दिवशी सकाळी तुमचा ताप उतरला होता. मी तुमच्या कपड्यांची वळकटी बांधत होते. तुम्ही हळूच म्हणालात, "राहू दे व माय. इथंच बरं हाय मले." एकदाच म्हणालात. मी दोन हातांवर होते, मला स्पष्ट ऐकू आलं. मी वळकटीची गाठ आवळली आणि पाणी तापलं का पाहायला आत गेले. यांनाही कधी सांगितलं नाही. ट्रक गेल्यावर मी शाळेत गेले नाही. दार लावून घेतलं आणि दिवे लागेपर्यंत झोपले. इतकी गाढ झोप मला नंतर पुन्हा कधी लागली नाही.