विहारातली ताटं

१६ एप्रिल, गुरुवार
विहारात मीटिंग. जयंतीचे आभार वगैरे झाले, मग अध्यक्षांनी समाजाच्या भांड्यांचा विषय काढला. आता लग्नात केटरर येतो, मेलामाइनच्या प्लेटा तोच आणतो. आपली स्टीलची ताटं, गंज-पातेली, पराती धूळ खात पडतात. मोडीत देऊन साउंड सिस्टीम घ्यावी. हात वर झाले. माझाही झाला. कोठीची किल्ली एकोणीस वर्षं माझ्याकडे, मीच आडवा आलो तर बरं दिसत नाही.
गिरजाबाईच्या नातीचं लग्न २६ला. ते आटोपलं की द्यायची.

१७ एप्रिल
कोठी उघडली. घरचं माणूस गेलं की त्याचं नाव टाकून इथे ताटं द्यायची, ही आमच्या वस्तीची रीत. अर्धी वस्ती या रॅकवर आहे. ‘कालकथित शेवंताबाई यांच्या स्मरणार्थ’, पंचवीस. बायको गेली त्या वर्षी दिली. दुकानात नाव टाकायचं मशीन लागलं तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहिलो होतो.
घरी न्यावीत असं मनात आलं. पण दिलेलं परत घेत नाहीत, आणि किल्लीवाल्यानेच नेलं तर ती चोरी. विषय संपला.

२१ एप्रिल
गिरजाबाई ताटं सांगायला आली. नातीला बुफे हवा होता. “म्या म्हनलं, मानसं बसून जेवतीन. उभ्यानं खायले आपन ढोरं हावो का?”
तिला ताटं कमी पडू देणार नाही.

२६ एप्रिल, रविवार
लग्न. पंगती चार. वांग्याची भाजी झणझणीत, बुंदी बेताची. शेवंताचं एक ताट नवरदेवाकडच्या माणसासमोर गेलं. त्याने निम्मा भात टाकला. शेवंताला टाकलेलं अन्न खपायचं नाही. उगाच त्याच्यावर चिडलो.

२७ एप्रिल
ताटं परत आली. कमी. दोनदा मोजली. पाच-दहा नाही, निम्म्याहून जास्त नाहीत. एकोणीस वर्षांत चमचा हरवला नव्हता. गिरजाबाई म्हणे, “वऱ्हाडाच्या गाडीत गेले असतीन.” खाली पाहून बोलली.

२८ एप्रिल
सकाळीच तिच्याकडे गेलो. मांडणीवर तिच्या नवऱ्याच्या नावाची ताटं ओळीने लावलेली. लपवायचंही सुचलं नव्हतं.
“भंगारवाला पाय देऊन चेपते, गुरुजी. त्यायच्या नावावर पाय देईन थो. मले पाहावन काय?”
चहा घेतला.
मग वस्तीभर फिरलो. ज्या घरी जावं तिथे मांडणीवर त्या घरचंच माणूस. दुसऱ्याचं एकही नाही. धुताना आपापली वेगळी काढली म्हणे. अध्यक्षांकडे त्यांच्या आईची. ते म्हणाले, “बसा,” आणि पेपर उघडला.
परतताना गिरजाबाईने दारातूनच विचारलं, “तुमी तं आधीच नेले असतीन नं? किल्ली तुमच्यापाशी. म्हनून तं आमाले हिंमत आली.”
तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. माझ्या अंगाची आग झाली. हेच ओळखलं का मला?

२९ एप्रिल
उरलेली ताटं लावली. थोडी बिननावाची. आणि शेवंताची पंचवीस. पंचवीसच्या पंचवीस.
सगळ्यांनी आपलं माणूस उचलून नेलं. हिला न्यायला कोणी नव्हतं, एक मी होतो. फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत एवढं वाटलं नव्हतं.
अध्यक्षांचा फोन. उद्या अकराला टेम्पो येतोय. “कमी भरले तरी चालते, गुरुजी. कोनी इचारत नाही.” मी म्हणालो, मला कोणी विचारायची गरज नाही.
फोन ठेवल्यावर वाटलं, कशाला बोललो.

३० एप्रिल, गुरुवार
पावणेअकरा. कोठीच्या पायरीवर बसून लिहितोय. गंज, पराती बाहेर काढून झाल्या. शेवंताची ताटं पुसून ओट्यावर ठेवलीत. विकायच्या ढिगात टाकली नाहीत, पिशवीतही भरली नाहीत.
गिरजाबाई आली. उभ्याउभ्या म्हणाली, “सारे मोडीत नका देऊ. एक तरी ठेवा जेवाले.”
“कोणतं?” मी विचारलं.
ती बसली. एकेक ताट उचलून वाचायला लागली. सगळ्यांवर तेच नाव. तरी वाचतेच आहे.
टेम्पो पुलाजवळ आलाय.