एका खळग्यात एकच

३ तारीख, सोमवार
आले एकदाची मुलाच्या घरी, आणि आता कायमची इथेच. जुळ्या नातींनी दारातच असा विळखा घातला की हातातली पिशवी सुटली नि आतले डबे जिन्यावरून खणखणत खाली गेले. खालचा शेजारी वर येऊन विचारतो, आजीबाई, वाजतगाजत आलात की काय! मी म्हटलं, मग काय, चोरपावलांनी येऊ?

ही वही नातींनीच दिली. रोज लिही म्हणाल्या. माझी शाळा दुसरीपर्यंत, तीही मास्तरांना बरं असेल तेव्हा. पण लिहिणार. वाचणाऱ्याने चुका काढू नयेत. मी कुणाच्या काढत नाही. बरं, सुनेच्या सोडून.

गोटी आणि काडी ही मी ठेवलेली नावं. गोटी घटकाभर आधीची, गुबगुबीत. काडी मागून आली, अंगाने अगदीच किरकोळ, पण हसली की घर उजळतं. दोघी एकाच पलंगावर झोपतात, एकमेकींच्या अंगावर पाय टाकून.

५ तारीख, बुधवार
मुलाने रोपांसाठी मांडणी आणली. लोखंडाचे चार कप्पे, वरून प्लास्टिकचा झगा, त्याला पुढे चेन. मुलींच्या खोलीतच उभी केली, पलंगाच्या पायथ्याशी, कारण ऊब तिथे आणि प्लगही तिथेच. दिवे साखळीने टांगायचे, तर या शहाण्याने टांगले पार वर. मी म्हटलं, अरे, उजेड लांब असला की रोपं त्याच्या ओढीने नुसती उंच सुटतात, माना टाकतात. वीतभर अंतरावर आण. मुकाट्याने आणले. लहानपणी इतकं ऐकलं असतं तर!

ट्रेच्या एकेका खळग्यात टोमॅटोच्या दोन-दोन बिया दाबल्या. एक गेली तर दुसरी असावी. मुलींचे हात कोपरापर्यंत मातीचे, सुनेचा चेहरा बघण्यासारखा.

२० तारीख, गुरुवार
रोपं अशी तरारलीत! रोज सकाळी त्यांच्यावरून तळहात फिरवते, त्याने दांडे घट्ट होतात. सून म्हणते, आई, नातींपेक्षा त्यांचेच लाड जास्त.

आज विरळणी केली. मुलींना शिकवलं, एका खळग्यात एकच ठेवायचं, अंगाने बारीक असेल ते काढायचं. उपटायचं नाही, शेजारच्याची मुळं हलतात. कात्रीने बुडाशी कट्, झालं. गोटी कात्रीसाठी भांडली. काडीने हात मागे घेतले. कोणतं बारीक ते कसं कळतं म्हणाली. मी म्हटलं, वरून बघणाऱ्याला बरोबर कळतं. मग विचारते, त्या दोघी एकाच खळग्यात झोपत होत्या ना गं आजी?

मला हसूच आलं. काय पण पोरीचं डोकं!

२३ तारीख, रविवार
काडीचा फ्रॉक एकदम आखूड झाला. घरात सगळे खूश, अंग धरलं म्हणे. मला नाही आवडलं. मान लांब झाली आहे आणि रंग उतरलाय, अंधारातल्या कोंबासारखा. सारखी वर बघते.

आणि रोपं. दिवा डोक्यावर, पण सगळी पलंगाकडे झुकलीत. ट्रे फिरवून ठेवला. दुपारी बघते तो पुन्हा पलंगाकडे.

२५ तारीख, मंगळवार
डॉक्टर म्हणाले वाढीचं वय आहे, दूध द्या. दूध! तिची मान मी हाताने सावरून धरली होती त्यांच्यासमोर.

मांडणीचे दिवे आज बंद होते, तरी पलंगावर उजेड होता. त्या दिव्यांसारखाच, जांभळट. छताला तिथे दिवा नाही. मी खुर्चीवर चढून पाहिलं. सुनेने ओरडून उतरवलं.

२६ तारीख, बुधवार
गादीवर काडीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडलेत. बादली ठेवून उचलावी एवढे. मऊ मातीत बोट टेकवलं की उमटतो तसा खळगा. मी आयुष्यभर तसेच पाडत आले, मला का कळणार नाही—

प्लग काढला. रोपं कचऱ्यात टाकली. मांडणी गॅलरीत ढकलली. पलंगावरचा उजेड गेला नाही. मुलगा म्हणतो, आई, तुझे डोळे तपासू या.

२७ तारीख, गुरुवार
काडीला माझ्या खोलीत नेलं. उंबरा ओलांडताच पोर कोमेजली, हातापायात जीव नाही, ओठ सुकलेले. परत गोटीशेजारी ठेवली तेव्हा डोळे उघडले. गोटीला बाहेर नेलं तर तिचंही तसंच. रुजल्यात दोघी त्या पलंगात. मुलाला रडून सांगितलं. तो म्हणाला, आई, तू घाबरवतेस म्हणून पोरींना चक्कर येते.

काडी म्हणाली, आजी, आता वरून कुणीतरी बघतंय. कोण बारीक ते.

२८ तारीख, शुक्रवार
सकाळी उशीवर तिच्या केसांचा झुपका. सरळ कापलेला. मानेपासून बोटभर अंतरावर. सुनेने गोटीला बदडलं, कात्री कुठून आणलीस म्हणून. कात्री माझ्या कनवटीला होती. कालपासून तिथेच आहे.

देवा, मी शिकवलं ते चुकलं. टोमॅटोचं होतं ते. पोरींचं नाही.

शनिवार
मुलगा-सून कामावर. उजेड खाली येतोय. मी दोघींच्या मध्ये येऊन पडले. वही छातीवर. माझ्याइतकं बारीक या घरात कोण आहे? नुसती हाडं. बघ म्हणावं, नीट बघ. हे म्हातारं खोड काढ नि माझ्या पोरी सोड. काडीचा हात घट्ट धरलाय. भीती नाही वाटत आता. मी गेले की दोघी राहतील. दोघी—

दोघी कशा—

एका खळग्यात तर—

गोटे, ऊठ, काडीला ओढ, पाय निघत नाहीत गं माझे, आम्ही तिघी आहोत आणि तो ठेवणार फक्त