पहिल्या जंगलातला लांडगा

बाई,

तुम्ही गेलात त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी पर्वत पाटियाजवळ साड्यांच्या एका दुकानात पार्सलवर पत्ते लिहितो. गोणपाटात शिवलेल्या गठ्ठ्यावर ब्रशनं लिहायचं असतं. शाई पसरते, म्हणून एकेक अक्षर सावकाश काढावं लागतं. खानदेशातल्या दुकानदाराचा पत्ता मराठीत, इथल्याचा गुजरातीत, लांबचा हिंदीत. माझ्या हातून पत्ता चुकला म्हणून गठ्ठा परत आलाय, असं अजून झालेलं नाही. तुम्हाला हे ऐकून बरं वाटलं असतं. पण पत्र त्यासाठी नाही. ते एका खेळामुळे लिहितोय, आणि खेळाची गोष्ट तुम्हाला कशी सांगावी हे मला नीट समजत नाही. तरी सांगतो.

आमच्या शेठनी ऑफिसात कॉम्प्युटर घेतलाय. तो ठेवलाय त्या केबिनमध्ये चपला बाहेर काढून जायचं. रविवारी दुपारी मार्केट बंद असतं, तेव्हा शेठचा मुलगा त्यावर खेळ लावतो. तो माझ्याच वयाचा आहे. एकट्यानं खेळायचा त्याला कंटाळा येतो, म्हणून मला शेजारी बसवतो आणि मध्येच उठून म्हणतो, "ले भाऊ, हवे तू रम," म्हणजे आता तू खेळ. खेळात एक साधा माणूस असतो. तो गावातून तलवार घेऊन निघतो, वाटेत जनावरं आणि चोर भेटतात, त्यांना मारलं की त्याची लेव्हल वाढते, म्हणजे तो एक पायरी वर चढतो. प्रत्येक पायरीला थोडे गुण मिळतात, ते आपण आपल्या मनानं वाटायचे: शक्तीला, चपळाईला, कुलूप उघडण्याला, बोलण्याला. मला हे फार आवडलं. शाळा सोडल्यापासून इतकं स्पष्ट मला कोणी सांगितलं नव्हतं की तू काल एवढा होतास आणि आज एवढा आहेस.

याआधी मी गोडादऱ्याला एका दुकानात टीव्हीवरचा असाच एक खेळ खेळलो होतो. त्यात पहिल्या गावाबाहेर बेडूक असायचे. सुरुवातीला ते बेडूक जीव काढायचे. पुढे बरंच खेळून मी एकदा सहज मागे त्या गावात गेलो, आणि तेच बेडूक एका फटक्यात मेले. मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच फिरत बसलो. दुकानदार म्हणाला, "पुढे जा ना, बेडूक काय मारतोस?" त्याला काय सांगणार? मी वाढलोय हे मला फक्त तिथंच कळत होतं.

शेठच्या मुलाच्या खेळातही मी तसंच केलं. चांगली तलवार आली, चिलखत आलं, मग मुद्दाम पहिल्या जंगलात परत गेलो. तिथं सुरुवातीला एक लांडगा होता. तो पुन्हा आला, आणि पहिल्या वेळेपेक्षाही जास्त वेळ झुंजला. मला वाटलं, माझंच काही चुकतंय. शेठचा मुलगा हसला. "अल्या, ए तो तारी लेव्हल जोईने आवे छे." म्हणजे तो तुझी पायरी बघून येतो. तू चढलास की तोही चढतो. मी विचारलं, "मग वाढून फायदा काय?" तो म्हणाला, "तो न वाढला तर तुलाच कंटाळा येईल ना?" त्यात आणखी एक होतं. मी गुण वाटताना सगळ्यात थोडे थोडे घातले होते, कुलपाला, बोलण्याला, कुणावर अन्याय नको म्हणून. लांडग्याला बोलायचं नसतं. त्याची प्रत्येक पायरी दातांत जाते. म्हणजे मी जितका चढलो तितका त्याच्यापुढे कमी पडत गेलो. पहिल्या दिवशी मी त्याच्या बरोबरीचा होतो, आता नाही.

हे कळलं आणि मला तुमचा वर्ग आठवला. उधन्याची आपली मराठी शाळा, खिडकीमागे लूमचं खातं, म्हणजे कापड विणायचा कारखाना. मागांचा आवाज इतका की शुद्धलेखनाचा शब्द कानानं ऐकूच यायचा नाही, तोंडाकडे बघून लिहावा लागायचा. तुम्ही दीर्घ ई म्हणताना भुवया वर न्यायचात. सगळ्या वर्गाला ते माहीत होतं. वर्गाचे शब्द संपले की तुम्ही मला म्हणायचात, "आता तुझे." मग उज्ज्वल, महत्त्व, आशीर्वाद, शुश्रूषा. ते जमायला लागले की त्याहून अवघड. वर्गाचे सोपे शब्द बरोबर लिहिणाऱ्यांना तुम्ही छान म्हणायचात, आणि माझ्या पाटीवर रोज चुकांच्या खुणा. शेजारचा पोरगा म्हणायचा, "बाईंचा लाडका, रोज नापास." एके दिवशी मी अडखळलो नाही. तुम्ही माझ्याकडे बघताय, हसत नाही, आणि पाठ फिरवून पुढचा शब्द सांगताय. भुवया दिसत नाहीत. मागांची खडखड चालू आहे. मी पाटी पालथी ठेवतो आणि लिहीत नाही. तुम्ही वळून म्हणता, "रुसायचं असेल तर घरी. तुला येतात तेच शब्द विचारून मी काय करू?"

नंतर मी तुम्हाला म्हटलं होतं, "बाई, एकदा पहिल्या दिवसाचे शब्द द्या ना." तुम्ही म्हणालात, "ते तुला येतात रे." मी म्हटलं, "तरी द्या." तुम्हाला तेव्हा हसू आलं. "बरं, दिवाळीनंतर देते." दिवाळीनंतर दुसऱ्या बाई आल्या. तुम्ही गेल्याचं त्यांनीच सांगितलं.

आपली शाळा सातवीला संपली. पुढे गुजराती शाळेत गेलो, तिथं कवी या शब्दातला वी ह्रस्व निघाला आणि शक्तीतला तीसुद्धा. तुम्ही बरोबर केलेलं सगळं तिथं लाल झालं. ते शिकलो तोवर नववीत इंग्रजीनं गाठलं आणि मी घरी बसलो. कामावरही तेच. तीन लिप्यांत पत्ते लिहायला शिकलो, तर आता शेठ म्हणतात कॉम्प्युटर छापील चिठ्ठ्या काढतो, ब्रशचं काम जाणार. मी कुठंही जातो, तिथला लांडगा माझी पायरी बघून आलेला असतो. तुम्ही मला बघून शब्द द्यायचात, त्यात निदान तुम्ही होतात. आता मला बघतंय कोण, हे मला माहीत नाही, आणि ते कशासाठी वाढवत नेतात हेही नाही.

शेठनी एक सांगितलंय. बाहेरून दहावीला बस, पास झालास तर केबिनमध्ये बसवतो, नाहीतर पुढचं मी सांगू शकत नाही. मराठीतून बसता येतं. आणि बाई, विचार करता करता माझ्या लक्षात आलं, की दहावीचा पेपर मला बघून काढलेला नसेल. तो सगळ्यांना एकच. मी तुमच्याकडे जे मागत होतो ते हेच होतं, जागचा न हलणारा एक लांडगा, ज्याच्यापुढे उभं राहिलं की कळेल मी वाढलोय की नाही. आणि हे लक्षात आल्यापासून मी कोरा फॉर्म खिशात घालून फिरत होतो. लांडगा माझ्याबरोबर वाढत होता तोवर मला म्हणता येत होतं की मी वाढलोय, फक्त दिसत नाही.

शेठच्या मुलानं तो खेळ जिंकला. त्यानं युक्ती काढली: लढायचंच नाही, जनावर दिसलं की पळायचं, पायरी वाढूच द्यायची नाही. मग शेवटचा राक्षससुद्धा लहानच येतो. दहावीचा फॉर्म भरायची मुदत काल संपली, मी तो भरला नाही. मी शेठना सांगितलं, खिडकीवर गर्दी फार होती. ते "सारू" म्हणाले, म्हणजे ठीक. आज सकाळी केबिनमध्ये नवीन मुलगा बसलेला होता.

आई स्वयंपाक करता करता विचारतेय, "कोनले लिखी ऱ्हायना रे?" म्हणजे कुणाला लिहितोयस. मी म्हटलं, "कोनलेच नही." ते खरंच आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाही.

एक सांगायचं राहिलं. तुमच्या आजारपणाबद्दल मला दोन ओळी लिहायच्या होत्या. त्यात एक शब्द येत होता, तो ह्रस्व की दीर्घ याची खात्री नव्हती, आणि विचारायला कोणी नाही, म्हणून त्या ओळी गाळल्या. अशा आणखीही गाळल्यात. जे मला नक्की येतं तेवढंच लिहिलंय. तुम्ही तपासलंत तर चूक सापडणार नाही.