आवाज जातो तो तिच्याच कडव्यात

३ फेब्रुवारी, सोमवार
आज प्रॅक्टिसच्या खोलीत जागा बदलली. आतापर्यंत मी खिडकीपाशी, ड्रमवाल्याच्या मागे, माझ्या गिटारच्या अ‍ॅम्पला चिकटून उभा असायचो. आजपासून पुढे. ती गाते म्हणून मध्यभागी, आणि मी तिच्या उजव्या हाताला. कारण विचारलं तर सांगितलं, की गिटार नीट ऐकू यायला हवं. खरं कारण इथे लिहायला हरकत नाही, ही वही वाचणार कोण? तिथून तिच्या गालावरची खळी दिसते.
अ‍ॅम्प मात्र खिडकीपाशीच ठेवला. मामाच्या ऑर्केस्ट्रातला आहे, माझ्या दुप्पट वयाचा, आत बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह, आणि वजन धोंड्याइतकं. वायर पुढपर्यंत पुरली. अगदी बरोब्बर पुरली. शुभशकुन.

५ फेब्रुवारी, बुधवार
अ‍ॅम्प बिघडला! तिचं दुसरं कडवं चालू होतं आणि गिटार एकदम गप्प. चार सेकंदांनी खर्रर्र करून आपोआप चालू. कुणी हात लावलेला नाही.
इस्त्री हसला. इस्त्री म्हणजे आमचा कीबोर्डवाला. त्याच्या शर्टाची घडी दोन तास वाजवूनही मोडत नाही. असल्या माणसावर माझा मुळात विश्वास नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
अ‍ॅम्प घरी आणला आणि पलंगावर बसून तासभर वाजवलं. अ‍ॅम्प एकदाही बंद पडला नाही. म्हणजे घरी ठीक, तिथे बिघाड. कुठेतरी पाणी मुरतंय.
मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलोय. कॉलेज मी सोडलं, कॉलेजने मला नाही (प्राध्यापकांचं मत वेगळं आहे). म्हणजे निम्मा इंजिनिअर. निम्म्या बिघाडासाठी पुरेसा.
मागचं झाकण उघडलं. बंद अ‍ॅम्पमध्येही कपॅसिटर वीज धरून ठेवतो, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. त्या दिवशी मी वर्गात नव्हतो. उजवा हात खांद्यापर्यंत झिणझिणतोय. ताईने विचारलं, एवढ्या जोरात कुणाच्या नावाने ओरडलास? मी म्हटलं, कुणाच्या नाही. ती म्हणाली, हो का, मला काहीतरी ऐकू आलं. ताईवरही लक्ष ठेवायला हवं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
आवाज ५:२०, ५:३४ आणि ५:४१ ला गेला. तिन्ही वेळा तिचं कडवं चालू होतं. ती थांबते, मधलं म्युझिक वाजतं, तेव्हा सगळं ठणठणीत! योगायोग तीनदा होत नाही.
ती म्हणाली, शनिवारी, १५ तारखेला, वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. असंच होत राहिलं तर कडव्यानंतरचा गिटारचा तुकडा कीबोर्डवर घ्यावा लागेल. गोड आवाजात म्हणाली, पण म्हणाली.
तो तुकडा मी बसवलाय. तिच्यासाठी. कार्यक्रमात तो वाजवायचा आणि नंतर, टाळ्या ओसरल्या की, तिला सांगायचं. वाक्य तयार आहे, आठ शब्दांचं. आरशासमोर सहा शब्दांपर्यंत येतो.
त्यात आता इस्त्री बोटं घालणार. त्याने तिला लगेच सांगितलं, की काळजी करू नकोस, मला पाठ आहे तो तुकडा. पाठ आहे!! का पाठ केला? कधीपासून करतोय?

८ फेब्रुवारी, शनिवार
संशयितांची यादी केली.
एक, इस्त्री. मोबाइल कीबोर्डखाली ठेवतो. लहरी सोडत असणार.
दोन, आमचा फ्रीज. तो चालू होताना घरातले दिवे मिचकतात. गुरुवारी घरी वाजवताना त्या धक्क्याने अ‍ॅम्पच्या तब्येतीवर दूरगामी परिणाम झाला असू शकतो. तसं बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, फ्रीजला नावं ठेवू नकोस, तो निदान रोज कामावर असतो. मी ताटावरून उठलो. अर्ध्या तासाने परत बसलो, कारण रागाचा आणि भुकेचा संबंध नाही.
तीन, व्हॉल्व्ह. पेन्सिलीने टकटक करून पाहिले. जुना व्हॉल्व्ह ढिला असेल तर स्पीकरमधून टिंग आवाज येतो. कुठलाच बोलला नाही. तेही सामील असावेत.

९ फेब्रुवारी, रविवार
शेवटी रेडिओवाल्या काकांकडे गेलो. म्हातारा माणूस, चष्म्याला दोरी, दुकानात बसायला एकच स्टूल आणि त्यावर मांजर. काका म्हणाले, ठेवून जा, बघतो. ठेवून जा? जुन्या अस्सल व्हॉल्व्हना किती मागणी आहे मला माहीत आहे. हे काढून घेतील आणि भलतेच बसवतील.
मी काही कच्चा नाही. नेण्याआधीच प्रत्येक व्हॉल्व्हवर ताईच्या नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका दिलाय. आता बदलून दाखवा म्हणावं.

१० फेब्रुवारी, सोमवार
पकडला!
अ‍ॅम्प आणला, झाकण काढलं, ठिपके गायब. पाचही. तसाच अ‍ॅम्प उचलून दुकानात गेलो आणि भर रस्त्यावर काकांना काय काय बोललो. शेजारचा सायकलवाला पंप सोडून ऐकायला आला.
काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग गल्ल्याखालून एक फडकं काढून माझ्या हातात दिलं. गुलाबी. म्हणाले, स्पिरिटने पिना आणि काचा पुसून दिल्यात, आणि हा कुणी नटवा रंग लावला होता त्यापायी माझं चांगलं फडकं गेलं.
मांजरसुद्धा माझ्याकडे बघत होतं.
काका पुढे म्हणाले, टेबलावर चार तास चालवला, माझी वायर लावून. एकदाही गेला नाही. अ‍ॅम्पला काही झालेलं दिसत नाही, तू वाजवतोस कसा ते बघावं लागेल. म्हणजे आता माझ्या वाजवण्यावर शंका! पुन्हा त्या दुकानाची पायरी चढणार नाही. (नेलपॉलिशची बाटली संपल्याचं ताईला अजून कळलेलं नाही.)

११ फेब्रुवारी, मंगळवार
नवा सिद्धान्त. इतका साधा, की मला आधी सुचला कसा नाही!
तिच्या आवाजातच काहीतरी आहे. विशिष्ट सुराने काच थरथरते, हे विज्ञान आहे. ती गाते, व्हॉल्व्हची काच शहारते, अ‍ॅम्पचा आवाज जातो. म्हणजे अ‍ॅम्पची अवस्था माझ्यासारखीच आहे. त्याच्याबद्दल प्रथमच प्रेम वाटलं.
हे तिला सांगितलं (फक्त काचेचा भाग). ती घाबरली. म्हणाली, मग मी हळू गाऊ का? इस्त्री म्हणाला, मी काल तिच्याशेजारी उभा होतो, माझा चष्मा फुटला नाही. सगळे हसले. तीही.
सिद्धान्त रद्द. संशयित क्रमांक एक कायम. आणि काल शेजारी उभा होता म्हणजे कुठे? काल प्रॅक्टिस नव्हती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
आज पाच वेळा गेला. दिवसेंदिवस वाढतंय. इस्त्रीचे हात दिसत होते, पण पाय कीबोर्डच्या मागे असतात. पायांचं काय?
निश्चय : शनिवारी पुरावा. कार्यक्रमभर इस्त्रीचं शूटिंग करायचं काम ताईला दिलंय. ताई तयार झाली, पण म्हणाली, कॅमेऱ्यात तूही येशीलच. येऊ दे. मी काय लपवतोय?

१५ फेब्रुवारी, शनिवार
लिहावंसं वाटत नाही. थोडक्यात लिहितो.
हॉल भरलेला. माझी जागा तीच ठेवायला लावली, तिच्या उजव्या हाताला. अ‍ॅम्प लांब भिंतीशी, प्लग तिथेच होता. तिने निळा ड्रेस घातला होता. असा निळा मी आधी पाहिलेला नव्हता. नीट पाहिला.
पहिल्या कडव्यात आवाज दोनदा गेला. दुसऱ्यात परत. इस्त्री माझ्याकडे बघून मान हलवत होता, कीव केल्यासारखी. माझं डोकं फिरलं. पायाजवळच माइक-कीबोर्डच्या वायरींचा बोर्ड होता. त्यातला त्याचा काळा प्लग खेचून काढला.
कीबोर्ड चालूच राहिला.
तिचा माइक गेला.
ती तशीच गात राहिली, माइकशिवाय. हॉल इतका शांत झाला, की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. लोक उठून टाळ्या वाजवत होते. माझा तुकडा इस्त्रीने वाजवला. एकही सूर चुकला नाही.
नंतर ती माझ्यापाशी आली. मी वाक्य सुरू केलं. दुसऱ्या शब्दावर होतो, तेवढ्यात तिने विचारलं, तुला बरं नाहीये का?

१६ फेब्रुवारी, रविवार
त्या दुकानाची पायरी चढलो. ताईने ओढून नेलं, अ‍ॅम्पसकट. काकांनी मोबाइल हातात धरून व्हिडिओ दोनदा पाहिला. इस्त्री त्यात दहा बोटं आणि दोन पायांसकट निर्दोष.
काका म्हणाले, त्या इस्त्रीवाल्याला सोड, हे बघ. मग बोट ठेवलं ते माझ्यावर. मी समोर बघून वाजवतोय, वायर जमिनीपासून वीतभर वर, आवाज ठीक. मी डावीकडे वळतो. वायर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताठ. आवाज बंद. समोर वळतो, खर्रर्र, आवाज चालू.
काकांनी मोजलं. अकरा वेळा.
मग काकांनी माझ्या अ‍ॅम्पची वायर खुपसायची जागा खोलली. रोजच्या ओढीने आतल्या तारेचं डाख, म्हणजे सोल्डर, सुटलेलं. दहा मिनिटांत जोडून दिलं. म्हणाले, टेबलावर कसं सापडणार, टेबलावर ओढायला कुणी नव्हतं. वायर लांब घे. मग चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, पण डावीकडे असतं काय एवढं? माझ्याऐवजी ताईने सांगितलं. काका म्हणाले, अच्छा, मग डाखाला दोष देऊ नये.
मी फडक्याबद्दल माफी मागितली. मांजराचीही.
घरी येईपर्यंत ताईने व्हिडिओ बँडमधल्या सगळ्यांना पाठवला होता. पुराव्यासाठी, म्हणे, तूच मागितलास ना. तिचं उत्तर लगेच आलं. तिने लिहिलंय, की बरं झालं कळलं, मला इतके दिवस वाटायचं तुझी मान धरलीये.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
नवी व्यवस्था. सर्वांच्या मते अ‍ॅम्पच्या भल्यासाठी. मी परत खिडकीपाशी, ड्रमवाल्याच्या मागे. पुढे तिच्या उजव्या हाताला आता इस्त्री.
दोन तास वाजवलं. अ‍ॅम्प एकदाही गेला नाही. मधे मीच त्याला गुडघ्याने दोनदा ढोसलं, तरी नाही.
मात्र तिच्या दुसऱ्या कडव्यात कीबोर्ड चार सेकंद गप्प झाला. ड्रमवाला म्हणाला, वायर बघा रे. कुणीतरी वायर बघितली.
मी नाही बघितली. इस्त्रीची मान कुठे वळली होती, ते मागून स्पष्ट दिसतं.
तिचीही.