दारावरची फुली

प्रिय ठमाबाई,

रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. आता सकाळचे सात वाजलेत, तू पालथी पडून घोरतेयस आणि मी ओट्याला टेकून हे लिहितेय. काल दुपारी नगरपालिकेतून फोन आला. वर डोंगरात पाऊस लागलाय, धरण काठोकाठ भरलंय, दोन दिवसांत कधीही दरवाजे उघडावे लागतील. इकडे मात्र लख्ख ऊन, दोरीवर तुझे फ्रॉक वाळतायत. भोंगा वाजला की आपल्या गल्लीच्या हातात अर्धा तास. त्या अर्ध्या तासात शेजारच्या टेलरकाकू तुला उचलून चढावरच्या शाळेत नेणार, आणि मी उलटी, खाली नदीकडच्या शेवटच्या घरापर्यंत जाणार. तसं ठरलंय, मीच ठरवलंय. सरावात चारदा केलं. चारही वेळा तू काकूंच्या खांद्यावरून माझ्याकडे हात करून भोकाड पसरलंस, आणि मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर पाय उचलला नसता माझा.

तुझी आई कोण, ते तुला कुणी तिखटमीठ लावून सांगायच्या आत मीच सांगते. चौथीत माझी शाळा सुटली. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते. गेल्या वर्षी नगरपालिकेने प्रत्येक गल्लीतून एक माणूस मागितलं, प्रशिक्षणाला. आपल्या गल्लीने मला धाडलं ते काही हुशारी बघून नाही. टेलरकाका म्हणाले, हिलाच पाठवा, ही पोरीला हाक मारते तेव्हा पलीकडच्या गल्लीतली पोरंसुद्धा घरी पळतात. सगळे खो खो हसले. मीही हसले, पण मनातून जळफळले.

शिकवायला अग्निशमन दलाच्या मॅडम होत्या. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून आम्ही त्यांना शिट्टीबाई म्हणतो, तोंडावर नाही. पहिल्याच दिवशी नगरपालिकेच्या साहेबांनी भोंग्यावरून द्यायची सूचना वाचून दाखवली. सखल भागातील रहिवाशांनी सतर्क राहावे, असं काहीतरी लांबलचक. माझ्या तोंडातून निघून गेलं, साहेब, सतर्क राहायचं म्हणजे नक्की करायचं काय? उभं राहायचं की पळायचं? मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. शिट्टीबाई नाही हसल्या. म्हणाल्या, मग तू सांग कसं बोलायचं. मी म्हटलं, धरणाचं पाणी सोडलंय, अर्ध्या तासात गल्लीत येईल, पोरं आणि औषधं घ्या, शाळेकडे चढा, आत्ता. साहेबांनी ते तस्संच लिहून घेतलं आणि माझ्याच आवाजात रेकॉर्ड केलं. पहिल्यांदा वाजलं तेव्हा तू माझ्या कडेवर होतीस. खांबावरच्या कर्ण्याकडे बोट करून तू म्हणालीस, आई! मी पदर तोंडाला लावला. काकूंना वाटलं खोकला आलाय.

आता माझी चूकही ऐक, कारण खरं म्हणजे मी तिच्यातूनच शिकले. नियम असा, की घर रिकामं झालं की दारावर खडूने फुली मारायची, म्हणजे मागून सोडवायला येणारे जवान त्या घरात वेळ घालवणार नाहीत. पहिल्या सरावाला अकरा गल्ल्यांची जणू शर्यतच लागली. आपली गल्ली पहिली यावी म्हणून मी खडू घेऊन सुटले. दार बंद दिसलं की मार फुली, दार बंद दिसलं की मार फुली. सतरा मिनिटांत आम्ही शाळेत! टाळ्या पडल्या, टेलरकाकांनी तर शिट्टीबाईंचीच शिट्टी मागितली वाजवायला. मॅडम मला घेऊन खाली आल्या आणि सातव्या घराचं दार ढकललं. आत खाटेवर पडूनच असलेल्या आजी, उशाशी रेडिओ. सून कामाला गेलेली. आजींनी रेडिओ बारीक केला आणि विचारलं, काय गं, आला का पहिला नंबर?

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. खरं पाणी असतं, तर माझी फुली बघून त्या दारात कुणी थांबलं नसतं. मॅडमनी ओरडायला हवं होतं. त्यांनी नुसती ती फुली तळहाताने पुसली आणि खडू परत माझ्या हातात दिला.

त्या दिवसापासून मी दारं मोजत नाही, माणसं मोजते. आपल्या गल्लीत एकशे बारा माणसं आहेत. रात्रपाळीचा गार्ड दिवसा कानात कापूस घालून झोपतो, त्याला हलवावं लागतं. शिकवणीवाल्या बाईंचं इन्सुलिन फ्रिजच्या दारात असतं. शेवटच्या घरातले आजोबा पोपटाशिवाय हलत नाहीत, म्हणून पिंजरा खुंटीवरून काढून दाराशी ठेवायला लावलाय. आजींसाठी चार जण नेमलेत आणि खुर्चीला दांडे बांधलेत. त्या म्हणतात, लग्नातसुद्धा मला असं कुणी मिरवलं नव्हतं. आणि फुली मारायची ती प्रत्येक खोलीत जाऊन, हाक मारून, अंथरूण हाताने चाचपून, मगच. परवा चौथ्या सरावाला एकोणतीस मिनिटं लागली. अकरा गल्ल्यांत आम्ही शेवटून दुसरे. पण एकशे बाराच्या एकशे बारा वर. शिट्टीबाईंनी मला नगरपालिकेच्या सभागृहात उभं केलं आणि म्हणाल्या, ही पद्धत आता सगळ्या गल्ल्यांना हीच शिकवेल. समोर इंजिनियर बसलेले, वहीत लिहून घेत होते. माझा आवाज जराही लटपटला नाही गं.

काल तुझ्या मामाचा फोन आला होता. म्हणाला, गल्लीचं गल्ली बघेल, तू पोरीला घे आणि चढावर जाऊन बस. मी म्हटलं, दादा, सातव्या घराच्या दारावर एकदा खोटी फुली मारलीय मी. तो म्हणाला, लहानपणापासून हट्टी ती हट्टीच, थांब, मी येतो न्यायला पोरीला. रात्रीच निघालाय, पण वाट दीड दिवसाची आहे. तुझे बाबा ट्रक घेऊन दूर, त्यांचा फोन लागत नाही. मी घाबरलेय, ठमे. खोटं कशाला बोलू? पण तुझ्या आईला एक काम येतं आणि ते ती नीट करते, एवढं तुला माहीत असावं.

प्रशिक्षणात सांगितलंय, प्रत्येक लहान पोराच्या कपड्याला आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कार्ड लावायचं. नाव, वय, रक्तगट, फोन. चार ओळी. गल्लीतल्या सगळ्या आयांकडून मी ती भरून घेतली. तुझं भरायला बसले तर चार ओळी पुरेनात, म्हणून हे. घडी करून कार्डाबरोबर तुझ्या फ्रॉकला आतून टाचतेय. पाणी ओसरल्यावर मीच ते काढलं, तर मोठी झालीस की वाच आणि हस मला.

तुझीच,
आई

आणि हे जर दुसरंच कुणी वाचत असेल, पोर तुमच्या मांडीवर असेल आणि मी जवळपास नसेन, तर तिला आधी पाणी पाजा, रडून घसा सुकतो तिचा. मग माझ्या भावाला फोन करा. नंबर कार्डाच्या मागे मोठ्या आकड्यांत आहे. तो वाटेतच असेल. पोर कुठे आहे ते आधी सांगा, माझं नंतर. पहिल्यांदा लागला नाही तर पुन्हा लावा. एवढा फोन कराच.