ऑगस्टच्या नावावरचे सतरा गुण

रविवार, ८ मार्च १९८७

प्रिय सिरिल,

परवा, शुक्रवारी ६ मार्चला, संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, चर्चच्या तळघरात तू माझ्या दिवंगत नवऱ्याचं, ऑगस्टचं, नाव घेऊन एका भल्या माणसाचा अपमान केलास. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात मुद्दाम पाहून ठेवली.

तुझा गुडघा आता बरा असेल. जॅमच्या बरण्या पोचल्या.

ईस्टरआधीच्या उपासातल्या शुक्रवारची तळलेली मासळी खाता खाता तू कागदी रुमालावर कोष्टक मांडलंस. ग्रँटव्हिल कॉलेजशी आपलं कॉलेज फुटबॉल खेळलेलं आणि वेंडेल कॉप आता जिथे प्रशिक्षक आहे ते कॉलेजही. ऑगस्टने आपला प्रशिक्षक म्हणून शेवटच्या मोसमात त्यांना सतरा गुणांनी हरवलं. वेंडेल गेल्या नोव्हेंबरात त्यांच्याकडून तीन गुणांनी हरला.

"म्हणजे आमच्या ऑगस्टपेक्षा वीस गुणांनी कच्चा! याला प्रशिक्षक नेमण्यापेक्षा मैदानात मका लावू," तू म्हणालास.

वाढणारी डोलोरेस कुजबुजली, "अहो, हळू. रांगेत उभाय तो."

"ऐकू दे की! आकडे काय खोटं बोलतात?"

सगळी टेबलं हसली. वेंडेलने ताट पुढे केलं आणि एवढंच म्हणाला, "कोबी जरा जास्त वाढा, बाई."

तेवढं झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं.

तीस वर्षं मी गणित शिकवलं. सात वर्षांत दोन्हीकडची मुलं बदलली, तरी तू बेरीज करून मोकळा. आठवीतल्या पोराला मी यासाठी बाकावर उभं केलं असतं. पण खरी गोष्ट त्याहून वाईट आहे आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

एकोणऐंशीच्या त्या मोसमात ऑगस्टला स्वतःच्या खेळाडूंची नावं आठवत नव्हती. दर शनिवारी मी ती चिठ्ठीवर लिहून त्याच्या कोटाच्या खिशात ठेवायचे. सप्टेंबरात वेंडेल माझ्या स्वयंपाकघरात आला. तेव्हा तो ऑगस्टचा सहायक होता. म्हणाला, "त्यांना उभं राहू द्या, बाई. चाली मी सांगेन. कुणाला कळायचं कारण नाही."

ग्रँटव्हिलला मध्यंतरात ऑगस्टने त्याला विचारलं, "आपण घरी कधी जायचं?" सामना जिंकल्यावर मुलांनी ऑगस्टला खांद्यावर घेतलं. वेंडेल खाली पडलेले टॉवेल गोळा करत होता.

सिरिल, ते सतरा गुण वेंडेलचे आहेत. तू त्याला त्याच्याशीच ताडून पाहिलंस आणि कच्चा ठरवलंस.

तुझी मला किळस आली. मग आठवलं, तू बोलत होतास तेव्हा मी मान खाली घालून माशाचे काटे काढत होते. तेव्हापासून ही किळस तुझ्या एकट्याच्या वाट्याची राहिलेली नाही.

तुझा तेलकट रुमाल सोबत परत पाठवते आहे. गुरुवारी तुमची समिती वेंडेलच्या नेमणुकीवर मत देईल. त्याआधी हे पत्र तिथे मोठ्याने वाच. ऑगस्टची टोपी कॉलेजच्या काचेच्या कपाटातून काढावी लागली, तर काढा. मी न्यायला येईन.

वाचणार की नाही, ते मला बुधवारी, ११ मार्चला, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. फोन करू नकोस. फोनवर तू हसून वेळ मारून नेतोस. पाचपर्यंत उत्तर आलं नाही, तर गुरुवारी मीच येऊन वाचेन.

तुझी बहीण, आणि अजूनही ऑगस्टची बायको,
रोझेला