बाटलीतल्या गुबगुबीत आळ्या

३ ऑगस्ट २००३
गाइडसरांनी मुंबईहून चिलटांच्या आळ्यांच्या दोन बाटल्या दिल्या. एकीतल्या निरोगी. दुसरीतल्यांचं पेशींना दिशा दाखवणारं जनुक बिघडलेलं. ते शाबूत असलं की पेशीला वर कुठे, खाली कुठे हे कळतं, ती रांगेत राहते. बिघडलं की पेशी एकमेकींवर चढतात, गाठ होते. हा फरक दाखवला तर पीएचडीला मुदतवाढ. नाहीतर नोंदणी रद्द, आणि मुरबाडच्या कॉलेजातली नोकरी कायम होणं विसरा. सर चौदाला येणार. उद्यापासून पहाटे पाचला निरीक्षण.

४ ऑगस्ट, सकाळी साडेनऊ
पाच वाजता उद्या. लॅब गळते, दोन्ही लेबलं भिजून निघाली. लॅबचा शिपाई गुणा म्हणाला, मुंबईला फोन लावा. कशाला? आजारी कोण हे मला दिसत नाही?

७ ऑगस्ट
दिसलं! एका बाटलीतल्या बारक्याच राहिल्या, घाईघाईने कोषात गेल्या. बिचाऱ्या. दुसरीतल्यांनी काय अंग धरलंय! माझ्या नाचणी-गुळाच्या खाद्याची करामत. यावर वेगळा पेपर लिहिणार.

१० ऑगस्ट
गुबगुबीत मंडळी कोषात जायचं नाव घेत नाहीत. खाऊ देत. गुणा म्हणाला, "सर, या वाढल्या नाय, सुजल्यात." दहावी नापास माणूस. तरी दिवसभरात अकरा वेळा बाटली पाहिली. सहज.

१२ ऑगस्ट
कोषांतून चिलटं निघाली. आजारी असून फडफड फार. गाठी बघायला बाटलीच्या तोंडचा कापसाचा बोळा काढला. सगळी खिडकीतून गेली. हरकत नाही, रिकामे कोष दाखवू. गुणाने मागून खिडकी लावली, याचाच राग आला.

१४ ऑगस्ट
सर आले. निरोगी कोणत्या, विचारलं. मी ऐटीत गुबगुबीत दाखवल्या. सरांनी एक चिरून भिंगाखाली धरली, बघ म्हणाले. आत गाठच गाठ. सर म्हणाले, गाठी उत्तम आल्यात, आता शेजारी ठेवायला निरोगी आण. गुणाने खिडकीकडे बोट दाखवलं.

१६ ऑगस्ट
नोंदणी रद्द. फार वाईट वाटलं.
घरी केळ्यांवर चिलटं बसली होती. बायको, निर्मला, फडकं घेऊन उठली. मी तिचा हात धरला. म्हटलं, अगं राहू दे, निरोगी आहेत.